दुग्धज्वरात ज्वर नसतो

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शेती पुरवणीत गेल्या आठवड्यात 'जनावरांचे नेहमीचे आजार व उपचार' असा अर्ध्या पानाचा तक्ता आला होता. डावीकडे आजाराचं नाव, मधे लक्षणं, उजवीकडे औषध. मी तो कापून गोठ्याच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवला. अक्षर मोठं होतं, रात्री बॅटरीच्या उजेडात वाचता येईल असं वाटलं. तीन दिवस तो तिथे नुसताच होता. चौथ्या दिवशी दूध काढून झाल्यावर चष्मा लावून ओळ न् ओळ वाचला, आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे.

तक्त्याची चौथी ओळ अशी आहे : 'दुग्धज्वर. व्याल्यानंतर गाईस ताप येतो, गाय बसते. उपचार : तापाचे इंजेक्शन, कॅल्शियमची बाटली, तोंडावाटे काढा.'

एका ओळीत तीन गोष्टी चुकल्या आहेत. तिसरीने माझी एक गाय गेली आहे, म्हणून लिहिते. मी डॉक्टर नाही. अडतीस वर्षं जनावरं सांभाळते आहे, सध्या गोठ्यात सहा गाई, दोन म्हशी आणि अकरा शेळ्या आहेत. त्यांच्या वह्या ठेवते. एवढाच माझा अधिकार.

आधी नावाचं बघू. दुग्धज्वर या शब्दात ज्वर आहे, पण त्या आजारात ताप नसतो. उलट अंग गार पडतं. कान हातात धरले तर ओल्या फडक्यासारखे लागतात. थर्मामीटर लावला तर पारा नेहमीपेक्षा खालीच राहतो, कधी शंभराच्याही खाली. ज्याने पहिल्यांदा हे नाव ठेवलं त्याने बहुधा थर्मामीटर लावलाच नसावा, आणि ज्यांनी त्याचं भाषांतर केलं त्यांनी तो ज्वर जसाच्या तसा उचलला. नाव चुकीचं असलं म्हणून कोणी मरत नाही. पण नावावरून औषध ठरवलं तर मरतं. 'ज्वर' वाचलं की माणूस तापाचं औषध शोधतो. आपल्या तक्त्यानेही तेच केलं.

गाय व्याली की चीक उतरतो, आणि चिकात कॅल्शियम भरपूर असतं. दहा लिटर चिकाबरोबर साधारण 23 ग्रॅम कॅल्शियम बाहेर जातं. गाईच्या सगळ्या रक्तात मिळून ते एका वेळी जेमतेम 3 ग्रॅम असतं. म्हणजे ओंजळीत पाणी आणि घागर भरायची. हाडांत कॅल्शियमचं कोठार आहे, पण त्या कोठाराचं दार उघडायला शरीराला एक-दोन दिवस लागतात. पहिलारू कालवडीचं दार लवकर उघडतं, तिसऱ्या-चौथ्या वेताच्या चांगल्या दुधाच्या गाईचं उशिरा. म्हणून हा आजार पहिल्या वेताला सहसा दिसत नाही, आणि जी गाय सगळ्यांत जास्त दूध देते तिलाच गाठतो. बहुतेक वेळा व्याल्यापासून तीन दिवसांच्या आत.

कॅल्शियमशिवाय स्नायू चालत नाहीत. आधी गाय थरथरते, मागचे पाय झोकांड्या खातात, उगाच बिचकते. ही वेळ थोडी असते आणि रात्रीची असली तर कोणाला दिसतही नाही. मग ती बसते, मान वाकडी करून तोंड कुशीला लावते, नाकपुडी कोरडी, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, शेण बंद. हेही निघून गेलं तर आडवी पडते आणि शुद्ध जाते. आडवी पडलेल्या गाईकडे फार वेळ नसतो.

माझी चांदी तिसऱ्या वेताला व्याली त्याच्या दुसऱ्या रात्री बसली. त्याला आता सव्वीस वर्षं होतील. आम्ही नुकतेच वेगळे झालो होतो, ती आमच्या दोघांची म्हणून पहिली गाय. पहाटे दूध काढायला गेले तर मान कुशीला लावून बसलेली. हाक मारली तरी कान हलला नाही. माझ्या जाऊबाई म्हणाल्या, वारा लागला असेल, गरम काढा पाज. यांनी मान वर धरली, मी बाटलीने काढा तोंडात सोडला. पहिली बाटली गेली. दुसरी अर्धी गेली तेव्हा तिला ठसका लागला, म्हणजे ठसकासुद्धा नाही, घशात एक घरघर आली आणि नाकातून काढा बाहेर पडला. आम्हाला वाटलं, जास्त झालं म्हणून येतंय. उरलेला पाजला.

डॉक्टरसाहेब दुपारी आले. त्यांनी गाईला हात लावायच्या आधी मला विचारलं, "ताई, तोंडातून काही दिलंय का?" मी हो म्हटलं. ते काही बोलले नाहीत. कॅल्शियमची बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी गरम केली आणि शिरेतून लावली, कानाला नळी लावून छातीचे ठोके ऐकत ऐकत. पंधरा-वीस मिनिटं तरी गेली असतील. अर्ध्या बाटलीला चांदीच्या अंगावर काटा आल्यासारखी थरथर उठली. मग ढेकर आला. मग शेण टाकलं. बाटली संपून थोडा वेळ झाला आणि ती उठून उभी राहिली, वासराकडे बघून हंबरली. मी रडले. हे म्हणाले, चमत्कार झाला.

तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. श्वास पोटातून यायला लागला, नाकाला घाण वास. सहाव्या दिवशी गेली. डॉक्टरसाहेबांनी तेव्हा सांगितलं की त्या आजारात गिळायची ताकदच राहत नाही. पाजलेलं अन्ननलिकेत जात नाही, फुप्फुसात जातं. चांदीचा आजार एका बाटलीत बरा झाला होता, तिला मारलं आमच्या काढ्याने. आपल्या तक्त्याच्या उजव्या रकान्यात नेमकी तीच ओळ आहे. छापणाऱ्याला ठाऊक नसेल. मला ठाऊक आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. चांदी गाभण असताना शेवटचे दोन महिने मी तिला रोज कॅल्शियमचं औषध पाजत होते, आजार होऊ नये म्हणून. पुढे कळलं की भाकडकाळात भरपूर कॅल्शियम दिलं तर शरीराला हाडांतलं कोठार उघडायची गरजच पडत नाही, आणि व्याल्यावर एकदम गरज पडली की ते दार गंजलेलं असतं. म्हणजे मी काळजीने आजार वाढवत होते. व्याताना आणि व्याल्यावर देणं वेगळं, आधी महिना-दोन महिने देणं वेगळं. हेही कुठल्या तक्त्यात येत नाही.

आता 'कॅल्शियमची बाटली' याबद्दल. औषध बरोबर आहे, पण तक्त्यात वाचून लावायचं ते औषध नव्हे. शिरेतून भरभर गेलं तर हृदय बंद पडतं. म्हणून डॉक्टर ठोके ऐकत देतात, आणि ठोका अडखळला की बाटली खाली करतात. बाटली उंच टांगून पटकन संपवणारे आणि 'दहा मिनिटांत मोकळे झालो' असं सांगणारे मी पाहिले आहेत. दुसरं म्हणजे बसलेली प्रत्येक गाय कॅल्शियमसाठी बसलेली नसते.

माझी मोरी चौथ्या वेताला व्याली आणि दुसऱ्याच दिवशी बसली. कान गार, खाणं बंद, मान खाली. शेजारच्या भाऊजींनी लांबूनच सांगितलं, कॅल्शियम. मलाही तेच वाटलं. पण चांदीनंतर मी थर्मामीटर घेतला होता. लावला तर 104.8. तिथेच मी थांबले. कास चाचपली. चार सडांपैकी मागच्या उजव्याचा भाग दगडासारखा, हात लावला की पाय झाडत होती. धार काढली तर दूध नव्हतं, पिवळसर पाणी होतं, त्यात भुशासारखे कण. हा कासदाह, आणि त्यातलाही शेणातल्या जंतूंनी होणारा जहरी प्रकार. कासेतलं विष रक्तात उतरतं आणि गाय त्याने बसते. आधीच विषाने दमलेल्या हृदयावर शिरेतून कॅल्शियम सोडलं असतं तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. मोरी वाचली, ते सड मात्र कायमचं आटलं. पुढची दोन वेतं ती तीन सडांवर दूध देत होती.

इथे एक अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. विष फार चढलं की अशा गाईचाही ताप उतरतो आणि अंग गार पडतं. तेव्हा पारा खाली दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये. बसलेल्या गाईच्या चारही सडांची एकेक धार काळ्या किंवा गडद भांड्यात काढून बघायचीच, थर्मामीटर काहीही सांगो. पांढऱ्या भांड्यात गुठळ्या दिसत नाहीत. याला अर्धं मिनिट लागतं. मी तर रोज पहिली धार अशीच बघते.

तिसरी गोष्ट माझ्या गोठ्यातली नाही. भाऊजींचीच पहिलारू कालवड, वासरू मोठं, ओढून काढावं लागलं. ती उठेना. हिला दोन वेळा कॅल्शियम लावून झालं होतं, पहिलारू असूनही. मी बघायला गेले तर ती टवटवीत होती. डोळे तरतरीत, पुढ्यात टाकलेलं खात होती, रवंथ चालू, ताप नाही, कास मऊ. फक्त मागचे पाय बेडकासारखे दोन बाजूंना फाकलेले. वासरू येताना कमरेच्या हाडातल्या नसा दबल्या होत्या. यावर कुठली बाटली नाही. तिला जाड गवताच्या बिछान्यावर घेतलं, मागचे दोन पाय फाकू नयेत म्हणून मऊ पट्ट्याने एकमेकांना अंतर ठेवून बांधले, आणि रात्रंदिवस तीन-चार तासांनी कूस बदलली. कूस बदलली नाही तर स्वतःच्याच वजनाखाली पायाचे स्नायू मरतात, मग मूळ दुखणं बरं झालं तरी जनावर उठत नाही. भाऊजींच्या घरातले सगळे चार रात्री पाळीपाळीने जागले. पाचव्या दिवशी कालवड उठली. भाऊजी आजही सांगतात की दुसऱ्या बाटलीचा गुण उशिरा आला.

मला त्यांच्यावर हसू येत नाही. जनावरांच्या औषधांत गुण कशाचा आणि श्रेय कोणाला हा घोळ फार जुना आहे. 1897 साली डेन्मार्कमधल्या श्मिट नावाच्या पशुवैद्याला वाटलं की दुग्धज्वराचं विष कासेत तयार होतं. त्याने कासेत पोटॅशियम आयोडाइडचं पाणी भरलं आणि गाई खरंच उठायला लागल्या. मग कोणीतरी औषध न घालता नुसती हवा भरून बघितली, तरीही उठल्या. कास गच्च भरली की दूध तयार होणं थांबतं आणि कॅल्शियम रक्तातच राहतं, हे कळायला 1925 साल उजाडलं, तेव्हा कुठे या गाईंच्या रक्तात कॅल्शियम कमी असतं हे सापडलं. (हवा भरायचा प्रयोग आता कोणी करू नये. त्याने कासदाह होतो, आणि आता बाटली आहे.) उपाय बरोबर, कारण चूक, असं अठ्ठावीस वर्षं चाललं. पण तो माणूस निदान एका आजारावर एक उपाय करून बघत होता, आणि काय झालं ते लिहून ठेवत होता.

आपल्या तक्त्यात 'ताप' म्हणून एक स्वतंत्र ओळ आहे आणि पुढे एका प्रतिजैविकाचं नाव. ताप हा आजार नाही हो. दारावरची थाप आहे ती, दार उघडल्याशिवाय कोण आलंय ते कळत नाही. गोचिडांमुळे येणारा थायलेरियाचा ताप 105-106 पर्यंत जातो, खांद्यापुढच्या गाठी लिंबाएवढ्या किंवा त्याहून मोठ्या होतात, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या पडत जातात. गोचिडांमुळेच येणाऱ्या दुसऱ्या तापात लघवी कॉफीसारखी लाल होते. दोन्हींचे परजीवी रक्तात असतात, दोन्हींची औषधं निराळी. नेहमीचं प्रतिजैविक तीन दिवस टोचत बसलं तर ते तीन दिवस फुकट जातात, आणि पापण्या पांढऱ्या पडलेल्या संकरित गाईकडे तीन दिवस नसतात. कानाच्या टोकाला सुई टोचून काचेवर रक्ताचा एक थेंब पसरायचा आणि तपासायला पाठवायचा, एवढं सोपं निदान आहे. ते मागून घ्यावं लागतं, आपणहून कोणी करत नाही.

लाळ्या-खुरकुताला तर कुठलंच प्रतिजैविक लागू पडत नाही, तो विषाणू आहे. इंजेक्शन दिलं जातं ते तोंडातल्या आणि खुरातल्या जखमा पुढे चिघळू नयेत म्हणून. आणि तिवा! तिव्यात धडधाकट जनावर सकाळी ताप येऊन लंगडतं, एका पायाने, मग दुसऱ्याच पायाने, कधी बसूनच राहतं, आणि बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही न करता उठून चरायला जातं. त्यामुळे तिव्यावर जितकी रामबाण औषधं आहेत तितकी कशावरच नाहीत. तिसऱ्या दिवशी जे दिलं ते रामबाण. माझ्या सासूबाईंकडे एक लेप होता, त्याची कीर्ती मोठी होती. त्या नेहमी तिसऱ्या दिवशीच लावायच्या. (तिव्यात पाजू मात्र नये, त्यातही काही जनावरांचं गिळणं बिघडतं.)

पोटफुगीच्या ओळीत 'तेल पाजावे' असं आहे. कोवळा हिरवा चारा जास्त खाऊन कोठीपोटात (गाईच्या पहिल्या मोठ्या पोटात) फेस झाला असेल तर तेलाने तो फेस मोडतो, हे खरं. पण घशात काही अडकून वायू कोंडला असेल तर पाजलेलं तेल जाणार कुठे? डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागचा खळगा, फुगलेली दोन्हींत सारखीच दिसते.

मग बघायचं तरी काय, असं आपले वाचक विचारतील. मी माझ्यापुरतं सांगते. मी जनावराला आधी लांबून बघते, त्याला मी आलेली कळायच्या आत. जवळ गेलं की आजारी जनावरही कान टवकारतं आणि दोन मिनिटं बरं असल्याचं सोंग करतं. शेळ्या तर यात पटाईत. रवंथ चालू आहे का, एका घासाला किती वेळा चावते (चांगली गाय चाळीस-पन्नासच्या वर चावते), उभी कशी आहे, पाठीला कमान आहे का, कुठला पाय हलका टेकते. मग शेण. शेण सगळ्यांत खरं बोलतं. मग जवळ जाऊन नाकपुडीचा ओलावा, कान, श्वास. डाव्या भकाळीत मूठ रोवून उभं राहिलं की कोठीपोटाची लाट हाताखालून जाते, मिनिटाला एक-दोन. लाट आलीच नाही तर पोट बंद आहे. शेवटी थर्मामीटर. त्याला लांब दोरा बांधावा, नाहीतर तो आत जातो, मी एकदा घालवलाय. टोक शेणात न खुपसता आतल्या भिंतीला टेकलं पाहिजे, दोन मिनिटं. गाय-म्हैस 101 ते 102.5, शेळी 102 ते 103.5, दुपारच्या उन्हात एखादा अंश जास्त.

पण पुस्तकातल्या या आकड्यांपेक्षा माझ्या वहीतले आकडे मला जास्त उपयोगी पडतात. प्रत्येक जनावर धडधाकट असताना महिन्यातून एकदा ताप मोजून लिहून ठेवते. माझी एक म्हैस कायम 100.2 असते. तिला 102 झालं म्हणजे ती आजारी आहे, तक्ता काही म्हणो. वहीत व्याल्याची तारीख आणि वेळ, वार किती तासांनी पडली, दूध किती, काय औषध कधी दिलं, एवढंच असतं. डॉक्टरांना फोन केला की "गाय बिघडलीय, या" असं सांगत नाही. "चौथं वेत, काल संध्याकाळी सातला व्याली, वार पडली, पहाटेपासून बसलीय, ताप 99.4, चारही सडांचं दूध चांगलं, शेण नाही, तोंडातून काही दिलं नाही" असं सांगते. डॉक्टर येताना बरोबर काय आणायचं ते यातून ठरतं. एकदा तर नुसत्या फोनवर त्यांनी आधीच्या दोन ठिकाणांपुढे माझी गाय घेतली.

डॉक्टर यायला चार-पाच तास लागतात हे मलाही माहीत आहे, आणि त्या वेळात हातावर हात धरून बसवत नाही हेही. त्या वेळात करण्यासारखं पुष्कळ आहे. बसलेली गाय आडवी होऊ देऊ नये. दोन्ही बाजूंना भुशाची पोती लावून तिला छातीवर बसती ठेवावी, आडवी पडली की पोटात वायू धरतो आणि पोटातलं तोंडात येऊन फुप्फुसात उतरतं. उन्हातून सावलीत, सिमेंटवरून मऊ जागेवर घ्यावी. वासरू लांब करावं. कास पिळून रिकामी करू नये, पुढचा एक दिवसही नाही. बाटली लागून उठलेली गाय चोवीस तासांत पुन्हा बसू शकते, म्हणून त्या रात्री तिच्याजवळ झोपावं. आणि तोंडात काही घालू नये. काही म्हणजे काही.

दोन बाबतीत तर हातही घालू नये, आणि आपल्या तक्त्यात त्या दोन्ही नाहीत. गाय लाळ गाळते, गिळता येत नाही, आवाज घोगरा झालाय, तर घशात काहीतरी अडकलं म्हणून लोक कोपरापर्यंत हात घालतात. ती पिसाळलेली असू शकते, कुत्रा चावल्याला महिने लोटलेले असतात आणि ते कोणाच्या लक्षातही नसतं. असा हात घालून झाला असेल तर हात साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवावा आणि त्याच दिवशी माणसाच्या डॉक्टरकडे जावं. दुसरं, काल संध्याकाळी चरलेलं जनावर सकाळी मेलेलं सापडलं, नाकातोंडातून किंवा मागून काळसर, न गोठलेलं रक्त आलंय, तर ते काळपुळी असू शकते. ते कापू नये, सोलू नये, ओढत नेऊ नये. आत जंतू असतात. हवा लागली की त्यांची बीजं होतात आणि ती मातीत कित्येक वर्षं राहतात. कळवायचं आणि खोल पुरायचं.

प्रतिजैविकं द्यावी लागतात, मीही देते. पण ठरलेले दिवस पूर्ण, आणि बाटलीवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत त्या गाईचं दूध वेगळं. मोरीच्या वेळी बारा दिवस तिचं दूध ओतून दिलं. हे थोडं विषयांतर झालं, पण तक्त्यात औषधांची नावं आहेत आणि दूध किती दिवस वापरायचं नाही याचा रकाना नाही, म्हणून आठवलं.

संपादक महाशय, तक्ता करणाऱ्याचा हेतू चांगला आहे, हे मला दिसतं. अर्ध्या पानात पंचवीस आजार बसवायचे तर प्रत्येकाला एकच ओळ मिळणार. मला पंचवीस नकोत. एकच छापा : बसलेली गाय. तिला कुठून बघायचं, कुठे हात लावायचा, कोणता आकडा दिसला तर काय समजायचं, काय अजिबात करायचं नाही. पुढच्या वेळी दुसरा एखादा. औषधाचा रकाना रिकामा ठेवला तरी चालेल, तो डॉक्टर भरतील. आणि त्याआधी, पुढच्याच पुरवणीत, चौथ्या ओळीची दुरुस्ती छापा. 'ताप येतो' काढून 'ताप नसतो', 'तापाचे इंजेक्शन' काढून काहीच नको, आणि 'तोंडावाटे काढा' काढून 'तोंडावाटे काहीही नाही', एवढ्या तीनच जागा. ती त्याच मोठ्या अक्षरात असावी ही विनंती. शुद्धिपत्रं तळाला बारीक अक्षरात येतात, ती आमच्या वयाला रात्री वाचता येत नाहीत.

तोवर चौथ्या ओळीवर मी कोळशाने काट मारून ठेवली आहे. तक्ता काढलेला नाही, खरजेची आणि जंतांची ओळ बरोबर आहे. पुढच्या महिन्यात दोन गाई व्यायच्या आहेत, त्यातली एक चांदीच्या लेकीची नात. दुरुस्ती आली की त्याच जागी खळीने चिकटवीन.

आपली,
एक गाईवाली
(नाव व पत्ता संपादकांकडे)